पणाला लावलेलें बाल्य

सन २०२४ च्या मे महिन्यांत बॉनहॅम्स या लंडनच्या जुन्या लिलावगृहानें एक कागदी रुमाल लिलावास काढला. उपाहारगृहांत हात पुसण्याकरितां जो कागदाचा चौकोन ग्राहकापुढें ठेवतात त्यांतलाच हा एक. परंतु त्याला ७,६२,४०० पौंड किंमत आली. ता. १४ डिसेंबर २००० रोजीं बार्सिलोना शहरांतील एका टेनिस क्लबांत बसून, तेथील विख्यात फुटबॉल संघाचे एक अधिकारी कार्लेस रेशाक यांनीं या रुमालावर कांहीं ओळी लिहून दिल्या होत्या. संघांत कोणाचा कितीहि विरोध असला तरी, ठरलेल्या रकमा मान्य असल्यास, आपण स्वतःच्या जबाबदारीवर लिओनेल मेस्सी या खेळाडूस संघांत घेऊं, असा त्या ओळींचा आशय. ज्याच्यासंबंधीं हें लिहिलें गेलें तो ‘खेळाडू’ त्या दिवशीं साडेतेरा वर्षांचाहि पुरा झालेला नव्हता, आणि त्याचें शरीर वयाच्या मानानें बरेंच खुजें होतें.

हा मुलगा पुढें काय झाला हें सांगावयास नको. २०२२ च्या डिसेंबरांत कतार येथें त्याच्या नेतृत्वाखालीं अर्जेंटिनानें विश्वचषक जिंकला, तेव्हां आपल्याकडेहि घरोघर तो सामना पाहिला गेला. रुमालाला आलेली किंमत ही त्या यशाची किंमत आहे. आम्हांस मात्र वेगळाच प्रश्न पडतो. समजा, पंधराव्या वर्षीं त्या मुलाचा गुडघा मोडला असता, किंवा त्यास चाललेल्या औषधाचा गुण आला नसता. तर तो रुमाल कचऱ्याच्या टोपलींत गेला असता, आणि त्याला कोणी एक पैसाहि दिला नसता. बाजारापुरतें हें बरोबरच आहे. परंतु तेरा वर्षांच्या पोरास घरापासून, शाळेपासून, सवंगड्यांपासून उचलून महासागरापलीकडे नेण्याचें जें कृत्य झालें, तें उचित कीं अनुचित, हेंहि त्या गुडघ्यावरच अवलंबून होतें काय?

खेळाडूंचीं चरित्रें वाचतांना हा प्रश्न सहसा मनांत उद्भवत नाहीं. चरित्राची रचनाच अशी असते कीं शेवटच्या प्रकरणाचा उजेड मागें पहिल्या प्रकरणावर पडावा. दारिद्र्य, आजार, परदेश, एकटेपणा हीं सर्व पुढील वैभवाचीं पूर्वचिन्हें वाटूं लागतात. ज्यांनीं मुलास पुढें ढकललें ते दूरदृष्टीचे ठरतात, आणि ज्यांनीं शंका काढली ते कोत्या मनाचे. पण ज्या दिवशीं निर्णय होतो त्या दिवशीं शेवटचें प्रकरण कोणीच वाचलेलें नसतें. विचार करावयाचा तो त्या दिवसाचा केला पाहिजे, आणि म्हणून तें शेवटचें पान आपण तूर्त मिटून ठेवूं.

मेस्सीच्या आरंभीच्या वर्षांची हकीकत थोडक्यांत अशी. अर्जेंटिनांतील रोझारिओ शहरीं २४ जून १९८७ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप पोलादाच्या कारखान्यांत नोकरीस होता. मुलगा अगदीं लहानपणापासून चेंडूच्या नादीं लागलेला. पुढें शहरांतल्याच न्यूवेल्स ओल्ड बॉइज या संघाच्या बालशाखेंत तो खेळूं लागला. दहा-अकरा वर्षांचा असतांना, शरीराच्या वाढीस अवश्य असणारा अंतःस्राव त्याच्या ठिकाणीं पुरेसा उत्पन्न होत नाहीं, असें वैद्यांचें निदान झालें. रोगास उपाय होता. पण तो म्हणजे रोज रात्रीं स्वतःच्या पायांत सुई टोंचून घ्यावयाची, आणि तीहि वर्षानुवर्षें. खर्च महिन्यास सुमारें एक हजार डॉलर. बापाच्या विम्यांतून मिळणारी मदत कांहीं काळानें थांबली. देशांतल्या देशांत दुसरी कायमची सोय होईना. अशा वेळीं, सन २००० च्या सप्टेंबरांत, बाप मुलास घेऊन परीक्षेसाठीं बार्सिलोनास गेला. मुलाचा खेळ पाहून सर्व चकित झाले, पण इतक्या लहान परदेशी मुलाला घ्यावें कीं नाहीं याबद्दल संघांत दुमत होतें. तीन महिने उत्तर येईना. शेवटीं बापाचा धीर सुटत चालला तेव्हां रेशाक यांनीं समोर सांपडलेल्या रुमालावर वचन लिहून दिलें. औषधाचा भार संघानें उचलला.

२००१ च्या फेब्रुवारींत सारें कुटुंब बार्सिलोनास राहावयास गेलें. परंतु परका देश मानवला नाहीं, आणि थोड्याच महिन्यांत आई भावंडांस घेऊन रोझारिओस परतली. बाप व मुलगा तेवढे मागें राहिले. जुन्या संघाशीं चाललेल्या वादामुळें पहिल्या वर्षीं त्याला पुष्कळशा सामन्यांत उतरतांहि आलें नाहीं. तो इतका अबोल होता कीं बरोबरीचीं मुलें त्याला प्रथम मुकाच समजत, असें सांगतात. पुढें, १६ नोव्हेंबर २००३ रोजीं पोर्तो संघाविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यांत, सोळाव्या वर्षीं, तो मुख्य संघातर्फे प्रथम खेळला. १६ ऑक्टोबर २००४ रोजीं एस्पान्योलविरुद्ध साखळी-स्पर्धेंत उतरला. आणि १ मे २००५ रोजीं आल्बासेते संघावर त्यानें या स्पर्धेंतला आपला पहिला गोल केला. रुमालापासून गोलापर्यंत साडेचार वर्षांहून थोडा कमी काळ लोटला. या सर्व काळांत डाव खुलाच होता.

आतां नीतिविचाराकडे वळूं. मनुष्याचा अधिकार कर्मापुरता, फलावर नाहीं, ही गीतेची शिकवण आपल्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट यानेंहि १७८५ सालच्या आपल्या नीतिग्रंथांत याच दिशेनें विचार केला. सदिच्छेच्या हातून कांहींच पार पडलें नाहीं तरी तिचें मोल उणें होत नाहीं, असें त्याचें म्हणणें. उलट पक्षीं उपयुक्ततावादी मंडळी परिणामाच्या काट्यावर कर्म तोलतात. हा जुना वाद १९७६ सालीं बर्नर्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं एका परिसंवादांत नव्यानें उकरून काढला, व त्यास ‘नैतिक दैव’ असें नांव पडलें. विल्यम्स यांनीं घेतलेलें उदाहरण गोगँ या फ्रेंच चित्रकाराच्या चरित्रावरून सुचलेलें आहे: संसार टाकून कलेसाठीं दूर बेटावर जाणारा हा मनुष्य मोठा चित्रकार झाला तर आपल्या कृत्याचें कांहींतरी समर्थन त्याच्यापाशीं उरतें, न झाला तर मुळींच उरत नाहीं, आणि यांतलें काय होणार हें निघतेवेळीं त्यास ठाऊक असणें शक्य नाहीं.

हा विचार मार्मिक आहे. तथापि आमच्या प्रश्नास तो पुरा पडत नाहीं. चित्रकार प्रौढ होता. त्यानें बायकामुलांचें सुख डावावर लावलें हें खरें, पण जें मुख्य द्रव्य त्यानें मांडलें तें त्याचें स्वतःचें आयुष्य होतें. बालखेळाडूच्या बाबतींत फांसे टाकणारे हात निराळे आणि पणास लागलेलें आयुष्य निराळें. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे पाश्चात्य ग्रंथांपेक्षां आपल्या सभापर्वाचीच आठवण अधिक होते.

धर्मराजानें राज्य घालविलें, भाऊ घालविले, स्वतःस घालविलें, आणि मग द्रौपदीस पणास लाविलें. तिनें सभेस विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे: जो आधींच स्वतःस हरून बसला, त्यास मला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मासारख्या ज्ञात्यानें धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून उत्तर टाळलें. धृतराष्ट्रपुत्रांपैकीं एकटा विकर्ण तिच्या बाजूनें बोलला. या प्रसंगाकडे पुष्कळ अंगांनीं पाहिलें गेलें आहे. आम्हांस येथें एकच गोष्ट नमूद करावयाची आहे. तो शेवटचा फांसा धर्मराजाच्या बाजूनें पडला असता, तर राज्य, भाऊ, सर्व कांहीं परत आलें असतें, सभा आनंदानें उठली असती, आणि द्रौपदीला तो प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती. म्हणून काय तो प्रश्न खोटा झाला असता? तिला पणास लावण्याचा अधिकार डाव जिंकल्यानें उत्पन्न झाला असता काय? कोणीहि सरळ मनाचा मनुष्य नाहीं असेंच म्हणेल. जिंकलेल्या डावांत प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. तो विचारावयाचा राहून जातो, इतकेंच.

मेस्सीची कथा हा जिंकलेला डाव आहे. म्हणून तिच्या जोडीस, जग ज्याला हरलेला डाव समजतें, अशी एक कथा ठेवून पाहिली पाहिजे. फ्रेडी अडू हा मुलगा आफ्रिकेंतील घाना देशांत तेमा या बंदरीं २ जून १९८९ रोजीं जन्मला. १९९७ सालीं त्याच्या आईस अमेरिकेंत वसण्याचा परवाना सोडतींत मिळाला, आणि तें कुटुंब वॉशिंग्टननजीक मेरीलँड प्रांतांत राहावयास आलें. आईनें एकाहून अधिक नोकऱ्या करून दोन मुलें वाढविलीं. फ्रेडी दहा वर्षांचा असतांना त्याचा खेळ पाहून इटलींतील एका नामांकित संघानें त्याला मागणी घातली, व आईनें ती नाकारली, असें प्रसिद्ध आहे. पुढें नोव्हेंबर २००३ मध्यें, चौदा वर्षांचा असतांना, तो अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल साखळींत दाखल झाला. त्याचें वेतन साखळींतल्या कोणाहि खेळाडूपेक्षां अधिक असल्याचें त्या वेळीं छापून आलें होतें. घराजवळच राहतां यावें म्हणून त्याला वॉशिंग्टनचाच संघ देण्यांत आला. ३ एप्रिल २००४ रोजीं तो पहिला सामना खेळला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस त्यानें पहिला गोल केला. ज्या पेलेशीं त्याची तुलना वर्तमानपत्रें रोज करीत, त्याच पेलेबरोबर एका पेयाच्या जाहिरातींत तो झळकला.

त्यानंतरचा इतिहास नांवांच्या यादीसारखा आहे. २००७ सालीं पोर्तुगालच्या बेन्फिका संघानें त्याला घेतलें. तेथून उसनवारीनें तो मोनॅको, ग्रीस, तुर्कस्तान येथें गेला. मग परत अमेरिका, मग ब्राझील, सर्बिया, फिनलंड, अखेर स्वीडन. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांत तो एकंदर १७ सामने खेळला. ‘पेलेचा वारस’ म्हणून ज्याच्याकडे पाहिलें गेलें, त्याचें नांव आज अपेक्षाभंगाचें उदाहरण म्हणून घेतलें जातें.

आतां दोन्ही डाव मांडले गेले त्या वेळची स्थिति शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. एका मुलाचा देश सुटला, घर दुभंगलें, भाषेच्या थोड्याफार अंतरानेंहि तो गांगरला. दुसरा आईच्या छायेखालीं, राहत्या प्रांतांतच राहिला. एका घरानें मिळालेली पहिली मोठी संधि धरली. दुसऱ्या घरानें पहिली मोठी संधि सोडून दिली व चार वर्षें वाट पाहिली. केवळ सावधपणाच्या दृष्टीनें निवाडा करावयाचा असता, तर त्या आफ्रिकन मातेच्या पारड्यांत अधिक माप पडलें असतें. परंतु जगाचा निवाडा उलटा आहे. मेस्सीच्या बापास लोक धोरणी म्हणतात, आणि अडूच्या घराविषयीं, ‘चौदाव्या वर्षीं पोराला बाजारांत उभें केलें,’ असें म्हणून मान हलवितात. फलावरून कर्माची पारख करण्यानें सत्यच नव्हे तर साधा न्यायहि कसा हरवतो, हें यावरून दिसेल.

इतकेंच नव्हे, तर ‘हरलेला’ हा शब्दहि तपासून घेतला पाहिजे. जो मनुष्य सुमारें पंधरा वर्षें निरनिराळ्या देशांत आपल्या कसबावर पोट भरतो, विश्वविद्यालयाच्या वयांत असतांना वीस वर्षांखालील विश्वस्पर्धेंत आपल्या संघाबरोबर ब्राझीलसारख्या संघास हरवितो, तो कोणत्या अर्थानें हरला? गवई तानसेन झाला नाहीं म्हणून त्याला आपण बेसुरा म्हणत नाहीं. तो हरला तें इतरांनीं त्याच्यावर लावलेल्या पैजेच्या मानानें. साखळी नवी होती, १९९६ सालीं सुरू झालेली. तिला प्रेक्षक हवे होते. जाहिरातदारांस चेहरा हवा होता, वर्तमानपत्रांस कथा हवी होती. चौदा वर्षांच्या मुलानें काय काय व्हावें हें या सर्वांनीं परस्पर ठरवून टाकलें, आणि तो तसा न झाल्यावर कर्ज बुडविणाऱ्या ऋणकोप्रमाणें त्याच्याकडे पाहिलें. असलें कर्ज त्या मुलानें कधींच काढलेलें नव्हतें.

मग फल बाजूस ठेवलें तर पारख करावी तरी कशानें? आमच्या मतें तीन प्रश्न विचारावे, आणि तेहि डाव मांडला जातो त्याच दिवशीं.

पहिला प्रश्न: दुसऱ्याचें आयुष्य पणास लावणारा स्वतः काय पणास लावतो? बापानें नोकरी व देश सोडून मुलाबरोबर परक्या शहरीं राहणें, ही पणांतली भागीदारी आहे. अधिकाऱ्यानें स्वतःच्या नांवावर जबाबदारी घेणें, हीहि लहानशी का होईना, भागीदारीच आहे. परंतु ज्यानें दहा मुलें घेतलीं, नऊ सोडून दिलीं, आणि दहाव्याच्या विक्रींत सर्वांचा खर्च काढला, त्यानें स्वतःचें कांहींच पणास लावलेलें नाहीं. तो जुगारी नव्हे. जुगाराच्या अड्ड्याचा मालक आहे, आणि मालक सहसा हरत नाहीं.

दुसरा प्रश्न: डाव फसला तर मुलास परत येण्यास वाट ठेवलेली आहे काय? ही वाट म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे. शाळा सुटलेली नसावी; खेळाखेरीज दुसऱ्या एखाद्या कामांत आपलें चित्त रमतें हें मुलास अनुभवानें कळलेलें असावें; आणि मुख्य म्हणजे घरच्यांचें प्रेम त्याच्या पायाच्या कौशल्यावर बेतलेलें नाहीं अशी त्याची खात्री असावी. रोझारिओचें घर मोडलें नव्हतें, आई तेथें होती, हें आम्हांस त्या कथेंतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य वाटतें. चरित्रकार तें बहुधा दुःखाचा तपशील म्हणून देतात.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. मुलास जें दिलें जातें, तें तो मूल आहे म्हणून, कीं तो उद्यांचा खेळाडू आहे म्हणून? संघानें औषध दिलें हें उत्तम झालें. कोणाहि दयाळू मनुष्यास त्याबद्दल समाधानच वाटेल. पण थोडें थांबून विचार केला पाहिजे. रोझारिओमध्येंच त्याच रोगाचें दुसरें एखादें पोर असतें, आणि त्याच्या पायांत ती जादू नसती, तर त्याच्यासाठीं कोणी रुमाल पुढें ओढला नसता. म्हणजे तें औषध दान नव्हतें. आगाऊ दिलेलें वेतन होतें. ज्या समाजांत बालकाची प्रकृति त्याच्या विक्रेयतेवर अवलंबून राहते, तेथें बापाला दोष देण्यापूर्वीं समाजानें आपल्याकडे पाहावें. आजारी मुलाच्या बापापुढें दोन दारें असतात, त्यांतलें एक बंद असतें. मग तो उघड्या दारानें गेला याला निवड तरी कसें म्हणावें?

येथें कोणी असें म्हणेल कीं, तुम्ही मुलास अगदींच मातीचा गोळा समजतां; त्याची स्वतःची इच्छा कांहींच नाहीं काय? आहे, आणि ती प्रबळ असते. बार्सिलोनांत राहावयाचें कीं परत जावयाचें, असें बापानें विचारलें असतां मेस्सीनें राहावयाचें असें सांगितलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा होकार मुळींच जमेस धरूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. जमेस न धरणें हा त्याचा अपमान होईल. परंतु होकार आणि सही यांत अंतर आहे. मूल ‘हो’ म्हणतें तें खेळाला. ज्या गोष्टीस तें होकार देत असतें ती म्हणजे उद्यां सकाळीं पुन्हां चेंडू मिळणें. पंचविसाव्या वर्षीं दुसरें कांहींच न येणारा मनुष्य होण्याची शक्यता त्याच्या डोळ्यांपुढें नसते, आणि असूंहि नये. तें पाहण्याचें काम मोठ्यांचें. म्हणून मुलाचा होकार मोठ्यांची जबाबदारी कमी करीत नाहीं; उलट, एवढ्या विश्वासानें दिलेला म्हणूनच ती वाढवितो.

दुसरा आक्षेप असा कीं, कला व खेळ लहानपणींच अंगीं मुरतात. अठराव्या वर्षापर्यंत थांबलें तर गवई, मल्ल, नर्तक कोणीच निपजणार नाहीं. हें म्हणणें अर्धें खरें आहे. लवकर शिकणें अवश्य आहे. लवकर विकलें जाणें अवश्य नाहीं. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांत गोड गळ्याचीं मुलें लहानपणींच ठेवून घेत, त्यांस विद्या व अन्न देत, आणि त्यांच्या गाण्यावर थिएटर भरवीत. आवाज फुटला कीं त्यांतील कित्येकांच्या नशिबीं पडदे ओढणें येई. त्या मुलांस विद्या मिळाली यांत वाईट कांहींच नव्हतें. वाईट तें हें कीं, त्यांच्या आयुष्याचा हिशेब त्यांच्या गळ्याबरोबर संपत असे.

फुटबॉलच्या जगास याची जाणीव मुळींच झाली नाहीं असें नाहीं. रुमालाच्या दुसऱ्याच वर्षीं, २००१ सालीं, युरोपीय कमिशनशीं झालेल्या समझोत्यानंतर फिफा या जागतिक संस्थेनें अठरा वर्षांखालील खेळाडूस एका देशांतून दुसऱ्या देशांतील संघांत नेण्यावर बंधन घातलें. खेळाशीं संबंध नसलेल्या कारणासाठीं आईबाप स्थलांतर करीत असतील तर, आणि आणखी कांहीं मोजक्या प्रसंगीं, सवलत आहे. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ च्या एप्रिलमध्यें बार्सिलोना संघासच शिक्षा झाली: खेळाडू घेण्याच्या लागोपाठ दोन मुदतींत त्याला नवे खेळाडू नोंदवितां येऊं नयेत. त्याच वर्षअखेर क्रीडा-लवादानेंहि ती कायम केली. ताकेफुसा कुबो हा जपानी मुलगा या नियमामुळें २०१५ सालीं तेथील बालशाखा सोडून मायदेशीं परतला, आणि अठरा वर्षांचा झाल्यावर, २०१९ सालीं, रेआल माद्रिद या संघातर्फे पुन्हां स्पेनमध्यें आला. त्याचा पुढील उत्कर्ष हा नियमाच्या बाजूचा पुरावा म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. तसें केल्यास ज्या विचारसरणीविरुद्ध हें लिहीत आहों तिचाच आश्रय घेतल्यासारखें होईल.

हाच नियम १९९९ सालीं असता तर मेस्सी बार्सिलोनास जाऊं शकला नसता, हें आम्ही मान्य करतों. एकास वर उचलणारी वाट अनेकांस खड्ड्यांत नेत असेल तर ती बंद करणें योग्यच आहे. परंतु वाट बंद करणें म्हणजे मुलाची काळजी घेणें नव्हे. नियमानें त्याला रोझारिओंत ठेवलें असतें. औषध कोणी दिलें असतें, हें नियमांत लिहिलेलें नाहीं. निषेध करणारानें पोषणाचाहि भार उचलावा, तरच त्याच्या निषेधास नैतिक वजन येतें.

याच संस्थेचा दुसरा एक नियम विचार करण्यासारखा आहे. एखाद्या खेळाडूचें मोबदल्यासह एका देशांतून दुसऱ्या देशांत संघांतर झालें, तर त्या रकमेचा शेंकडा ५ भाग, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांच्या दरम्यान ज्या संघांनीं त्यास तयार केलें, त्यांच्यांत वांटला जातो. लहान संघांस आधार मिळावा हा हेतु चांगला आहे. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते, ती ही कीं, बाराव्या वर्षापासूनच्या प्रत्येक वर्षाची किंमत काढतां येते, व ती काढण्याची रीत या व्यवसायास ठाऊक आहे. ती किंमत ज्यानें वर्षें घेतलीं त्याला मिळते. ज्यांचीं वर्षें घेतलीं गेलीं आणि ज्यांस सोळाव्या किंवा अठराव्या वर्षीं ‘तुझें काम नाहीं’ असें सांगून घरीं पाठविलें, त्यांचा या हिशेबांत रकाना नाहीं. इंग्लंडांतील संघ नवव्या वर्षाच्या आंत-बाहेर मुलांचीं नांवें नोंदवून घेतात. त्यांतील फारच थोडीं पुढें व्यवसायांत टिकतात. उरलेल्यांच्या शिक्षणाचा व पुनर्वसनाचा खर्च त्याच शेंकड्यांतून कां निघूं नये, हें आम्हांस समजत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं फुटबॉलपटु निपजण्याचा संभव थोडा. तथापि हा विषय त्यांच्यापासून दूर आहे असें मात्र नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलास वैद्यकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं लातुरास नाहीं तर राजस्थानांत कोट्यास ठेवणारें घर, आणि मुलास चेंडूसाठीं परदेशीं पाठविणारें घर, यांत प्रकारभेद नाहीं. प्रतिष्ठेचा भेद तेवढा आहे. तेथेंहि यादींत वर आलेल्या मुलाचें छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकतें, आणि त्या छायाचित्रावरून सगळा डाव शुद्ध ठरतो. ज्याचें छायाचित्र येत नाहीं तो मुलगा सामान घेऊन एखाद्या रात्रीच्या गाडीनें घरीं परततो. वर सांगितलेले तिन्ही प्रश्न आपल्यालाहि लागू आहेत: आपण स्वतः काय पणास लावलें? परत येण्यास वाट ठेवली काय? आणि आपण जें देत होतों तें मुलाला, कीं त्याच्या गुणांकांना?

मुलांचें आयुष्य मुळींच पणास लावूं नये, असें म्हणणें सोपें आहे, पण तें खोटें आहे. मूल वाढविणें हाच एक पण आहे. कोणती शाळा, कोणती भाषा, कोणतें गांव, हें सर्व आपण त्याच्या वतीनें ठरवीतच असतों. प्रश्न पण लावावा कीं नाहीं हा नसून, तो कसा लावावा हा आहे. मेस्सीच्या बापानें जें केलें तें समर्थनीय असेल तर तें २००० सालच्या डिसेंबरांतच समर्थनीय होतें: मुलास औषधाची गरज होती, बाप बरोबर गेला, घर शाबूत राहिलें, मुलाचें मन विचारलें गेलें. २०२२ च्या विश्वचषकानें त्यांत एका कणाचीहि भर पडत नाहीं. आणि अडूच्या आईनें जें केलें तेंहि, पुढें काय झालें यावरून उणें होत नाहीं.

यांतून निघणारें कर्तव्य लहान आहे, पण तें पाळणें कठीण जातें. डाव जिंकून आलेल्या मुलाचें स्वागत करावयास गांव लोटतें. तेथें आपली गरज नसते. जो हरून येतो त्याला ‘वर्षें फुकट गेलीं’ असें न म्हणतां, त्या वर्षांत तो काय शिकला, काय पाहून आला, आणि उद्यां सकाळीं काय करावयाचें, हें त्याच्याजवळ बसून विचारणें, एवढें ज्या घरास साधेल त्या घरासच मुलाच्या वतीनें पण लावण्याचा अधिकार आहे, असें आम्हांस वाटतें.